जोडप्यांच्या बैठका घेताय? मग या चुका टाळा

सरपंचांच्या ओसरीवर चहा घेताना पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "ताई, आमच्या गावात असलं काही नाही बघा. दोन-चार दारुडे आहेत, तेवढे सोडा." बीड, धाराशिव, लातूरच्या गावांत मी बरीच वर्षं नवराबायकोच्या बैठका घेते. घरातला मार पोलीस ठाण्यापर्यंत पोचायच्या आधी, जमलं तर सुरू व्हायच्याही आधी थांबावा, एवढ्यासाठी. हे वाक्य ऐकलं नाही असं एकही गाव आठवत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशभरात 18 ते 49 वयाच्या, लग्न झालेल्या दर शंभर बायकांपैकी साधारण 29 जणींनी नवऱ्याकडून मारहाण किंवा लैंगिक जबरदस्ती सोसल्याचं सांगितलं. त्रास सोसलेल्यांपैकी कुणाकडे तरी मदत मागितलेल्या फक्त 14 टक्के. तेव्हा "असलं काही नाही" म्हणजे आमच्या ओसरीपर्यंत काही आलेलं नाही, इतकंच समजायचं.

खाली जे लिहिलंय ते बहुतेक आम्ही स्वतः आपटून शिकलेलं आहे. नवीन संस्था, बचत गटांच्या ताई, महाविद्यालयातली समाजकार्याची पोरं यांच्या उपयोगी पडेल.

गाव रिकामं असताना कार्यक्रम लावणं

आमची सगळ्यात महागात पडलेली चूक ही. निधी नोव्हेंबरात आला, कार्यकर्त्यांचं प्रशिक्षण झालं, आणि डिसेंबरात बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या एका गावात पहिली बैठक लावली. आले कोण? म्हातारी माणसं, दोन शिक्षक आणि किराणा दुकानदाराचं जोडपं. निम्मं गाव दिवाळीनंतरच टोळ्यांबरोबर ऊसतोडीला निघून गेलं होतं, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर थेट कर्नाटकात.

मराठवाड्यात हे काम करणाऱ्यानं एक शब्द नीट समजून घ्यावा: कोयता. मुकादमाच्या, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराच्या, हिशोबात एक कोयता म्हणजे एक जोडपं. उचल, म्हणजे हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम, जोडप्यावर मिळते, हिशोब जोडप्याचा होतो, आणि पैसे मोजून घेतो नवरा. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात. बाई पहाटे उठून भाकरी थापते, फडात मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते, रात्री कोपीत, म्हणजे फडाजवळच्या तात्पुरत्या झोपडीत, परत चूल पेटवते. खाडा झाला तर पैसे कापले जातात. तिथं नवऱ्यानं हात उचलला तर ती जाणार कुठं? माहेर दोनशे किलोमीटरवर, आणि ती निघून गेली तर कोयता मोडतो, उचल अंगावर राहते. मग मुकादम, दीर, शेजारची कोपी, सगळे तिलाच समजावतात.

म्हणून कार्यक्रमाचं वेळापत्रक आर्थिक वर्षावर बेतू नका, हंगामावर बेता. टोळ्या मार्च-एप्रिलमध्ये परततात. अक्षय्य तृतीयेच्या आसपास लग्नं उरकतात. पेरणीच्या धांदलीत कुणी येत नाही. आमच्या मुख्य बैठका आता दोन तुकड्यांत होतात: मेच्या मध्यापासून मृगापर्यंत, आणि पोळ्यानंतर दसऱ्यापर्यंत. दुसऱ्या तुकडीची शेवटची बैठक मुद्दाम उचल घेण्याच्या दिवसांत ठेवतो, विषयही तोच. उचल किती घ्यायची, कुणी ठरवायची, त्यातलं बाईच्या हातात किती. हिंसेचा शब्दही न उच्चारता त्या दिवशी जेवढं बाहेर येतं, तेवढं इतर चार बैठकांत मिळून येत नाही. आणि हंगामात बैठकीतली प्रत्येक बाई कुठल्या कारखान्याच्या अड्ड्यावर असेल, जवळचं पोलीस ठाणं कोणतं, टोळीतली विश्वासाची बाई कोण, हे निघण्याआधी लिहून घेतो. वही कार्यकर्तीकडे राहते, त्या बाईकडे नाही.

फलकावरच "हिंसाचार" लिहिणं

"कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंध शिबिर" असा फ्लेक्स लावलात की जो पुरुष येईल त्याच्याकडे गाव बोट दाखवणार. बाई आली तर तिला घरी विचारणार, "काय सांगायला गेलतीस?" नाव साधं ठेवा. संसाराच्या गोष्टी, नव्या जोडप्यांचा मेळावा, काहीही. सर्वेक्षणाला घरोघर जाताना जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनाही हेच सांगतात: चौकशीचं नाव आरोग्याच्या अंगानं असावं, आणि एका घरातल्या एकाच बाईला हे प्रश्न विचारावेत. म्हणजे सासू आणि सून दोघींना विचारून रात्री घरात उत्तरांचा ताळा होऊ द्यायचा नाही.

पुरुषांना बोलवायला कुटुंब नियोजन आणि पैसा हे दोन विषय हमखास चालतात. ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात एका प्रयोगात गावातच दवाखाना चालवणाऱ्या पुरुषांनी तरुण नवऱ्यांशी पाळणा लांबवण्याबद्दल बोलता बोलता बरोबरीच्या नात्याबद्दल बोलायला सुरुवात केली. फक्त तीन बैठका, त्यातली एक जोडप्याची. पुढच्या पाहणीत नवऱ्याकडून लैंगिक जबरदस्ती झाल्याचं सांगणाऱ्या बायकांचं प्रमाण तिथं कमी निघालं. नावात "हिंसा" असती तर ते नवरे आलेच नसते, असं माझं मत.

दोघांना शेजारी बसवून खरं उत्तर मागणं

पहिल्या वर्षी आम्ही ज्वारीच्या दाण्यांचा खेळ घ्यायचो. प्रत्येक जोडप्यापुढं दहा दाणे. मुलाची शाळा, माहेरी जाणं, मोबाईलचा रिचार्ज, उचल, असा एकेक विषय सांगायचा आणि विचारायचं: या निर्णयात कुणाच्या शब्दाला किती वजन? दाणे तसे वाटा.

समाजमंदिरात सतरंजीवर अकरा जोडपी बसलेली. तिसऱ्या ओळीतली एक पोरगी, वय असेल वीस-एकवीस, कडेवर लेकरू. प्रत्येक विषयाला तिनं पाच-पाच दाणे मांडले. अगदी मोजून. मी खूश. माझ्या सहकाऱ्यानं फोटोही काढला. पुढच्या आठवड्यात बायकांची बैठक अंगणवाडीत वेगळी झाली, तेव्हा सहज तोच खेळ घेतला. त्याच पोरीनं नऊ दाणे पलीकडं सारले आणि एक बोटाखाली धरून ठेवला. "ह्यो बी कधीमधीच," म्हणाली. आदल्या आठवड्यात ती दाणे मांडण्याआधी दर वेळी डावीकडं बघत होती. तिचा नवरा डावीकडं बसला होता. ते फोटोत दिसतं. मला त्या दिवशी दिसलं नव्हतं.

तेव्हापासून क्रम ठरलाय. आधी बायकांच्या वेगळ्या आणि पुरुषांच्या वेगळ्या बैठका, दोन्हीकडं विषय एकच. दोघांची एकत्र बैठक त्यानंतर, आणि एकत्र बैठकीत "तुमच्या घरी काय होतं" हा प्रश्न नाहीच. तिथं गोष्ट दुसऱ्या कुणाची तरी असते: "समजा, एका गावात एक सदा आणि एक रेखा आहे." सदाबद्दल बोलताना पुरुष मोकळे होतात, आणि रेखाबद्दल बोलल्याचा जाब बाईला घरी कुणी विचारत नाही.

जिथं बाई खरोखर घाबरलेली आहे, मार नेहमीचा आहे, गळा दाबलाय, रॉकेल-विषाची धमकी आहे, तिथं ते जोडपं बैठकांत घेऊच नका. समोरासमोर बसवून समुपदेशन तर मुळीच नको. नव्या जोडप्यांना भांडायचं कसं हे शिकवणारा कार्यक्रम आणि जीव वाचवण्याचं काम या दोन वेगळ्या वाटा आहेत. दुसरीसाठी तालुक्याचे संरक्षण अधिकारी, सखी वन स्टॉप सेंटर, पोलिसांकडचा महिला व बालकांसाठीचा विशेष कक्ष यांच्याशी आधीच ओळख करून ठेवा. हा विशेष कक्ष 1984 मध्ये मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं पोलिसांबरोबर सुरू केला, आणि पुढं राज्यभर गेला. गरज पडल्यावर कार्यालय शोधत फिरलात तर संध्याकाळ होते, आणि सहानंतर तालुक्याच्या गावात कोण भेटतं हे तुम्हाला माहीतच आहे.

समेटालाच यश मानणं

या चुकीवर मी जरा जास्त बोलणार आहे.

महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम 15 ऑगस्ट 2007 ला सुरू झाली. बांधाची भांडणं, भाऊबंदकी, फौजदारीतले किरकोळ वाद गावातच मिटावेत, हा हेतू चांगला होता, आणि बांधांच्या बाबतीत खूप ठिकाणी उपयोगही झाला. पण जिथं मिटवलेल्या तंट्यांवर गावाला गुण आणि बक्षीस मिळतं, तिथं मार खाणारी बाईही "तंटा" होऊन बसते. बैठक भरते, पारावर पंधरा पुरुष. नवरा मान खाली घालतो, म्हातारे दोन शिव्या घालतात, "पुन्हा असं करणार नाही" असं लिहून घेतात. बाईलाही सांगतात, "तूही तोंड आवर." नोंदवहीत एक तंटा मिटला. ती त्याच संध्याकाळी त्याच घरात, आणि आता तर चारचौघांत नवऱ्याची मान खाली घालायला लावलेली.

आमच्याकडूनही हे झालं. एका नवऱ्यानं बैठकीत सगळ्यांपुढं बायकोची माफी मागितली. टाळ्या झाल्या, दोन बायकांनी डोळे पुसले. महिनाभरानं गावच्या आशा सेविकेकडून कळलं की त्या रात्रीच त्यानं तिला घराबाहेर बसवलं होतं. तेव्हापासून जाहीर माफी बंद. कुणी उठून मागायला लागला तर सहकारी हसत त्याला खाली बसवतो, "राहू द्या भाऊ, घरी काय करता ते बघू."

"नांदायला गेली" ही गावाच्या दृष्टीनं शेवटची ओळ असते. तुमच्या नोंदीत ती पहिली असू द्या. परत गेलेल्या बाईकडं आठव्या दिवशी, महिन्यानं आणि तीन महिन्यांनी कोण जाणार, हे नावानिशी ठरवा. विचारायचं एवढंच: मनाविरुद्ध बोललीस तर काय होतं आता? घरात भांडणं होतात की नाही, याला फार महत्त्व देऊ नका. ज्या घरात बाई तोंडच उघडत नाही, तिथंही भांडण नसतं.

सगळं दारूवर ढकलणं

दारूमुळं मार वाढतो, जखमा गंभीर होतात, हे खरंच. आडव्या बाटलीसाठी, म्हणजे मतदान घेऊन गावातलं दारूचं दुकान बंद करण्यासाठी, उभ्या राहिलेल्या बायकांबद्दल मला आदर आहे. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी त्या बाजूनं मत द्यायचं, हे काही सोपं काम नाही. पण बैठकीत एक प्रश्न विचारून बघा: "पिऊन आल्यावर मुकादमाला मारलंय का कधी? सरपंचाला?" पुरुष हसतात. मग गप्प होतात. कितीही प्यालेला असला तरी हात कुणावर उचलायचा याची शुद्ध त्याला असते. दुकान बंद झालं आणि बाईनं मोबाईलवर कुणाशी बोलायचं हे तोच ठरवत राहिला, तर काम अर्धंच झालं.

माझ्या अनुभवात आजकाल दारूपेक्षा मोबाईलचा संशय जास्त छळतो. त्यावर एक आख्खी बैठक द्या.

पहिल्याच दिवशी कायदा

वकीलसाहेब माइकवरून कलमं वाचतात, पुरुष हाताची घडी घालून मागं सरकतात, आणि पुढच्या वेळी येत नाहीत. युगांडाची राजधानी कंपालामध्ये "सासा" नावाचा कार्यक्रम झाला. त्याची सुरुवात कायद्यानं नव्हती, हिंसेनंही नव्हती. सत्ता म्हणजे काय, तुमच्यावर कुणाची चालते, तुमची कुणावर चालते, इथून सुरुवात. शेजारीपाजारीच शेजाऱ्यांशी बोलत राहिले, वर्षानुवर्षं. 2014 मध्ये निकाल प्रसिद्ध झाला, त्यात जिथं हे काम झालं तिथं आदल्या वर्षात नवऱ्याकडून मारहाण झाल्याचं प्रमाण इतर वस्त्यांच्या जवळपास निम्मंच होतं. आपल्याकडं या प्रश्नाला उत्तर तयारच असतं. मुकादमानं चारचौघांत आईवरून शिवी दिली तेव्हा कसं वाटलं, हे कुठलाही ऊसतोड कामगार सांगू शकतो. तिथून त्याच्या घरापर्यंत फार लांब जावं लागत नाही.

कायदा मात्र सांगाच, चौथ्या-पाचव्या बैठकीत, आणि बरोबर सांगा. परवा एका तालुक्यात वाटलेलं पत्रक हातात आलं. त्यात जिल्ह्याचं नवं नाव हौसेनं छापलेलं, नवऱ्याच्या आणि सासरच्या छळाचं कलम मात्र अजून जुन्या दंड संहितेतलं, 498 अ. 1 जुलै 2024 पासून नव्या गुन्ह्यांसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम 85 लागतं. आणि बहुतेक बायकांना हवा असतो तो फौजदारी गुन्हा नव्हेच, त्यांना मार थांबायला हवा असतो आणि डोक्यावरचं छप्पर टिकायला. त्यासाठी 2005 चा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा आहे. तो दिवाणी स्वरूपाचा आहे. संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल भरून घेतात, न्यायालय संरक्षणाचा, राहण्याचा, खर्चाचा, मुलांच्या तात्पुरत्या ताब्याचा आदेश देऊ शकतं. घर तिच्या नावावर नसलं तरी तिला त्यातून असंच बाहेर काढता येत नाही. हे शेवटचं वाक्य सांगितलं की बायका एकमेकींकडं बघतात. दर वेळी.

हातात पत्रक देऊन पाठवणं

181 आणि 112 छापलेली पत्रकं वाटली. एका घरी ते पीठाच्या डब्याखाली सापडलं. पुढचं सांगत नाही. आता कागद देत नाही. आकडे तोंडपाठ करून घेतो: 181 महिलांसाठीची मदत, 112 तातडीची. कार्यकर्तीचा नंबर फोनमध्ये "अंगणवाडी" नाहीतर "शिलाई" अशा नावानं. फोन नवऱ्याच्याच हातात असतो हे धरूनच चाला, आणि पलीकडून पुरुषाचा आवाज आला तर "गटाचा हप्ता भरायचा राहिलाय" एवढं बोलून ठेवा.

तीन बैठकांत बदल मागणं

निधी देणाऱ्यांना घाई असते. रवांडात "इंदाशिकिर्वा" नावाच्या कार्यक्रमात जोडप्यांसाठी 21 बैठका होत्या. ज्या जोडप्यांनी त्या केल्या, त्यांच्यात मारहाण स्पष्ट कमी झाली. त्याच कार्यक्रमात गावपातळीवरच्या प्रचाराचाही भाग होता, आणि त्यातून गावभर मार कमी झाल्याचं मात्र दिसलं नाही. दोन्ही गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या. जोडप्यांबरोबर खोल काम झालं तर फळतं, पण ते आपोआप शेजारच्या गल्लीत झिरपत नाही.

आकड्यांचं आणखी एक. काम नीट सुरू झालं की पहिल्या सहा-आठ महिन्यांत तक्रारी वाढतात. मार वाढलेला नसतो, सांगायला जागा मिळालेली असते. हे निधी देणाऱ्यांना, सरपंचांना आणि पोलीस पाटलांना आधीच सांगून ठेवा. एका ठिकाणी आम्ही सांगितलं नव्हतं. वर्षअखेरीला "तुम्ही आल्यापासून गाव बिघडलं" असं ऐकून घ्यावं लागलं.

फक्त बायकांवर, फक्त बचत गटावर भिस्त

गटाची बैठक सोपी पडते, बायका जमलेल्याच असतात. पण बदलायचं ज्यानं आहे तो तिथं नसतो. पुरुषांच्या बैठका पुरुषानंच घ्याव्यात, शक्यतो गावातल्याच, लग्न झालेल्या, ज्याच्या घरचं चार लोकांना माहीत आहे अशानं. निवडताना भाषण बघू नका. त्याच्या बायकोला वेगळं भेटा. एकदा आम्ही उत्तम बोलणारा तरुण घेतला, आणि त्याच्या घरचं आम्हाला सोडून सगळ्या गावाला माहीत होतं.

गटातून कर्ज निघालं की ते कुणाच्या हातात जातं, हेही बघा. हप्ता बाईच्या नावावर आणि पैसा नवऱ्याच्या खिशात, यावरून होणारी भांडणं आम्ही बरीच पाहिली आहेत.

सासूला विसरू नका. नव्या जोडप्याला बैठकीला सोडायचं की नाही, हे तीच ठरवते. तिला दुष्ट ठरवून सुरुवात केलीत तर दार बंद. तिलाही तिच्या सुरुवातीच्या वर्षांबद्दल विचारा. ऐकायला वेळ काढून जा, दुपार जाते.

वय न बघणं

त्याच 2019-21 च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रात 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या साधारण 22 टक्के निघाल्या. परभणी, बीडला हे प्रमाण त्याच्या दुपटीच्या आसपास. त्यामुळं "नवं जोडपं" म्हणून समोर येणारी मुलगी सोळा-सतरा वर्षांची असू शकते. अशा वेळी ते बैठकीचं जोडपं नसतंच. बालकांच्या संरक्षणाचे कायदे लागू होतात, कळवण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. ग्रामसेवक हे गावचे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात, मुलांच्या मदतीसाठी 1098 हा नंबर आहे. आपण काय करणार आहोत, हे संस्थेनं आधी लेखी ठरवून ठेवावं. ऐनवेळी ठरवायला गेलं की दहा नातेवाईक दारात.

गळालेल्या जोडप्याच्या मागं फोन लावणं

पुरुष सलग दोन बैठका आला नाही की आमचे नवे कार्यकर्ते त्याला फोन करतात: "भाऊ, का येईना झालात?" तो घरी जाऊन बायकोला विचारतो, "तू काय सांगितलंस त्यांना?" त्याला आधी फोन करायचा नाही. आधी तिच्याकडं जायचं, तेही काहीतरी निमित्त घेऊन. लसीकरणाचं कार्ड, गटाचं पासबुक, काहीही चालतं. सासूशी बोलायचं, चहा घ्यायचा, बैठकीचा विषय काढायचा नाही. उठताना म्हणायचं, रस्ता दाखव ग जरा, मागच्या वेळी चुकले होते मी. घरात ती एक शब्द बोलत नाही. बोलते ती हापशापर्यंत सोडायला येते तेव्हा.